कब्रस्तानातला हिवाळी पाहुणा

पाऊस पुरता ओसरला, फजरची नमाज पढून बाहेर पडताना अंगाला जरा गारवा लागू लागला, की गावातल्या जुन्या झाडांखालून एक बारीक, कोरडा आवाज येऊ लागतो. ‘ट्र्र्र्र... ट्र्र्र्र.’ जुन्या मनगटी घड्याळाला चावी द्यावी तसा. ऐकणाऱ्याला वाटते रातकिडा असेल, नाहीतर खार असेल. झाडाखाली उभे राहून वर पाहिले तर काहीच दिसत नाही. थोडा वेळ न हलता थांबले, की एखाद्या सुक्या काटकीवर चिमणीहून लहान, मातकट रंगाचा पक्षी शेपटी उचलून बसलेला दिसतो. दिसतो न दिसतो तोच खाली जमिनीवर उतरतो, काहीतरी टिपतो आणि पुन्हा त्याच अंधाऱ्या फांदीवर जातो.

हा लाल छातीचा माशीमार. याच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. थंडीच्या दिवसांत वाचकांकडून मोबाईलवर काढलेले फोटो येतात, ‘हा कोणता पक्षी?’ असे विचारत. लाल छातीचा नर असला तर सोबत उत्तरही दिलेले असते, ‘हा रॉबिन आहे ना?’ इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून आपल्या मुलांना विलायतेतला रॉबिन माहीत असतो आणि तोही लाल छातीचाच. पण तो रॉबिन महाराष्ट्रात येत नाही. आपल्याकडे येतो तो हा. आणि लाल छातीचा पक्षी म्हणून त्याला शोधायला निघालो तर बहुतेक वेळा तो आपल्याला सापडणारच नाही, ही यातली खरी अडचण आहे.

नावाने फसवले आहे, असेच म्हणावे लागेल. छाती लाल असते ती फक्त मोठ्या वयाच्या नराची. मादीची छाती फिकट, मळकट पांढरी, थोडी पिवळसर झाक असलेली. पहिल्या वर्षाचे नरही तसेच दिसतात. या पक्ष्यात नराला पूर्ण रंग यायला वेळ लागतो. एक वर्षाचा नर मादीसारख्या साध्या वेशात परत मायदेशी जातो, घरटे मांडतो, पिल्ले वाढवतो आणि त्यानंतर कुठे त्याच्या गळ्यावर लाली चढते. त्यामुळे झाडाखाली दिसणारे बरेचसे माशीमार लाल नसलेलेच असतात.

म्हणून आमचे सांगणे असे की छातीकडे नंतर बघा, आधी शेपटी बघा. शेपटी काळी असते आणि तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक पांढरा डाग असतो. पक्षी उडाला किंवा त्याने शेपटी पसरली की हे दोन पांढरे डाग लखकन दिसतात. मधला पट्टा आणि टोक काळे राहते. बसल्यावर तो पंख थोडे खाली सोडतो आणि शेपटी झटक्याने वर उचलतो, पुन्हा पुन्हा. नर असो, मादी असो, या वर्षीचे पिल्लू असो, शेपटी सगळ्यांची सारखी. डोळा काळाभोर, मोठा, भोवती फिकट कडे. त्यामुळे चेहरा लहान मुलासारखा भाबडा वाटतो. वजन दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून जरासेच जास्त.

दुसरी खूण आवाजाची, ती वर सांगितलीच. हिवाळ्यात तो गात नाही. गाणे मायदेशी, विणीच्या दिवसांत. आपल्या वाट्याला फक्त ती चावी. पण पानांच्या दाटीत न दिसणारा पक्षी ओळखायला तेवढे पुरते. असर ते मगरिब ही त्याची खास वेळ. बाकीचे पक्षी रातथाऱ्याला लागले, उजेड मंदावला, तरी याचे ट्र्र्र्र चालूच असते. माशीमारांचे मोठे डोळे मंद उजेडात शिकार करायला उपयोगी पडतात.

गोंधळ कोणाशी होतो तेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे बाराही महिने राहणारा एक निळा माशीमार आहे, टिकेलचा. त्याचीही छाती नारिंगी असते, पण पाठ छान निळी, आणि नर गोड आवाजात गात असतो. पाठ निळी दिसली की प्रश्न मिटला. दुसरा तपकिरी माशीमार. हाही हिवाळ्यात येतो, रंगही मातकटच, डोळेही मोठे. पण हा फांदीवर ताठ बसतो, शेपटीला आपल्या पाहुण्यासारखे झटके देत नाही आणि तिच्यात पांढरे काही नसते. चिरक शेपटी वर करतो खरा, पण तो उघड्या जमिनीवरचा, बांधावरचा, घराच्या आवारातला पक्षी आणि त्याच्या शेपटीखाली तांबडे असते. हिरवट रंगाचे पानातले वटवटे तर क्षणभर एका जागी बसत नाहीत. आपला माशीमार बसतो, वाट बघतो, झेपावतो आणि परत बसतो. ही त्याची चालढाल एकदा डोळ्यात भरली की दुर्बीण नसली तरी चालते.

एक कठीण भाऊबंद मात्र आहे. त्याला तैगा माशीमार म्हणतात. तो सैबेरियातून येतो आणि मुख्यतः ईशान्य भारतात व पुढे आग्नेय आशियात हिवाळा काढतो. शेपटी अगदी तशीच. पूर्वी दोघांना एकच जात मानत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत दोघे एका नावाखाली सापडतात. फरक बारीक आहेत. आपल्या माशीमाराची खालची चोच मुळाशी फिकट असते, तैगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी. तैगाच्या शेपटीवरची पिसे, म्हणजे पाठ संपते तिथली, शेपटीहूनही काळी असतात. नरांमध्ये आणखी एक सोय आहे. तैगा नर हिवाळ्यात गळ्याचा लाल रंग टाकून देतो, आपला नर टाकत नाही. तेव्हा डिसेंबर महिन्यात गळा आणि छाती ठळक नारिंगी दिसली तर तो लाल छातीचाच. तिसरा भाऊ काश्मीरचा. काश्मीर आणि पीर पंजालच्या जंगलांत त्याची वीण होते आणि हिवाळ्याला तो निलगिरीच्या व श्रीलंकेच्या डोंगरांत जातो. त्याच्या छातीचा रंग जास्त गडद आणि दोन्ही कडांना काळी किनार. महाराष्ट्रात तो दिसला असे वाटले तर घोषणा करण्याआधी दहादा तपासून बघावे, अशी आमची विनंती आहे.

आता हा येतो कुठून ते बघू. आपल्याकडे येणारे बरेच छोटे पक्षी हिमालयातून किंवा मध्य आशियातून येतात. हा युरोपातून येतो. जर्मनीचा पूर्व भाग, पोलंड, बाल्टिक देश, युक्रेन, रशिया, इकडे काकेशस आणि कास्पियन समुद्राच्या काठची इराणची जंगले ही त्याची विणीची भूमी. युरोपातले बहुतेक कीटकखाऊ पक्षी थंडी पडली की दक्षिणेकडे आफ्रिकेत जातात. हा मात्र आग्नेयेकडे वळतो आणि भारत, पाकिस्तानात येतो. या जातीचे जवळजवळ सगळे पक्षी हिवाळ्यात आपल्या उपखंडातच असतात. पोलंडच्या पूर्व टोकापासून मुंबईपर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साधारण साडेपाच हजार किलोमीटर भरते. दहा ग्रॅमचा जीव हा सफर रात्रीच्या अंधारात करतो आणि दिवसा कुठल्यातरी बागेत उतरून पोट भरतो. सप्टेंबरात तो भारतात शिरू लागतो, ऑक्टोबरात महाराष्ट्रात पोचतो, मार्च-एप्रिलमध्ये परत निघतो. वर्षातले पाच-सहा महिने तो आपल्याकडे असतो. तिकडच्या विणीला दोन-तीन महिने लागतात, उरलेला वेळ प्रवासात. मग त्याला युरोपचा पक्षी म्हणायचे की इथला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर ब्यावोवेझा नावाचे प्राचीन जंगल आहे. युरोपातल्या सपाट मुलखावर एकेकाळी पसरलेल्या अरण्याचा हा उरलेला मोठा तुकडा, युरोपी गव्यांसाठी जगप्रसिद्ध. लाल छातीच्या माशीमाराचा अभ्यास करणारे लोक तिथे जातात, कारण त्याला हवे ते सगळे तिथे आहे. दाट सावली, उंच जुनी झाडे आणि मुख्य म्हणजे वाळलेली, मोडलेली, तडे गेलेली खोडे. अशा एखाद्या तड्यात किंवा अर्धवट ढोलीत मादी घरटे बांधते, सहसा पाच-सहा अंडी घालते. नीटनेटक्या, छाटलेल्या, तरुण झाडांच्या जंगलात अशा जागा फार कमी. युरोपीय संघाच्या पक्षीसंरक्षणाच्या कायद्यात ज्या जातींचा अधिवास खास जपायचा त्यांच्या यादीत याचे नाव आहे.

याच जंगलावरून मोठा वाद झाला. तिथल्या झाडांना साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची कीड लागली आणि पोलंडच्या सरकारने वाळलेली व रोगट झाडे काढण्यासाठी तोड वाढवली. जंगल साफ केले नाही तर कीड पसरेल, असे सरकारचे म्हणणे. त्या मेलेल्या झाडांवरच पक्षी आणि कीटक जगतात, असे विरोध करणाऱ्यांचे. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१८ मध्ये निकाल लागला, ही तोड कायद्याविरुद्ध आहे असा. वाळलेले झाड म्हणजे निरुपयोगी झाड, ही समजूत न्यायालयात टिकली नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ब्यावोवेझापासून पन्नास-साठ किलोमीटरवर क्रुशिन्यानी नावाचे खेडे आहे. पलीकडे बोहोनिकी. पोलंडचा राजा यान सोबिएस्की याने १६७९ साली आपल्या सैन्यातल्या तातार मुसलमानांना या भागात जमिनी दिल्या आणि ते तिथेच स्थायिक झाले. दोन्ही गावांत आजही लाकडी मशिदी उभ्या आहेत. क्रुशिन्यानीची तर हिरव्या रंगाने रंगवलेली आहे. त्यांच्या कब्रस्तानाला ते ‘मिझार’ म्हणतात आणि ही मिझार झाडीत आहेत. उंच झाडांच्या सावलीत दगड, त्यांवर अरबी अक्षरे. आम्ही हे वाचले तेव्हा मनात आपलेच कोकण आले. आपल्या गावागावांतली कब्रस्तानेही अशीच, चिंच, आंबा, वड, चाफा यांच्या छायेत.

माशीमार आपल्याकडे कुठे राहतो या प्रश्नाचे उत्तरही यातच आले. पुस्तकात त्याच्या हिवाळी अधिवासाचे वर्णन ‘विरळ जंगल, जंगलाची कड, बागा, आमराया, रस्त्याकडेची झाडे’ असे असते. कर्नाळ्याच्या अभयारण्यात किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात तर तो मिळेलच. पण तेवढे लांब जायची गरज नाही. त्याला लागते काय, तर वर गर्द छत, मध्ये मोकळी जागा म्हणजे झेप घ्यायला वाव, बसायला खालच्या सुक्या काटक्या आणि जमिनीवर पाचोळा. पाचोळ्यात किडे, त्यांवर हा. जुन्या आमराईत हे सगळे असते, आणि गावात आमराई उरली नसेल तर बहुधा कब्रस्तानात असते. तिथे कोणी घर बांधत नाही, गाडी लावत नाही, रात्री दिवे जळत नाहीत. झाडे आजोबा-पणजोबांच्या वेळची. शहरातही तेच. आजूबाजूला इमारतींची दाटी आणि मध्ये भिंतीच्या आत जुन्या झाडांचा एक हिरवा तुकडा, असे दृश्य आपल्या कितीतरी शहरांत आहे.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका कब्रस्तानात आम्ही गेले काही हिवाळे जातो. फातिहा पढून झाली की मागच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबतो. तिथे तीन जुन्या चिंचा आहेत, एक मोठा आंबा, आणि भिंतीला लागून करवंदीची जाळी. कब्र खोदणारे चाचा या पक्ष्याला ‘चावीवाला’ म्हणतात. पुस्तक त्यांनी पाहिलेले नाही. पण तो कधी येतो, कोणत्या फांदीवर बसतो, संध्याकाळी किती वेळ बोलतो, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक. दोन चिंचांखाली एक आणि आंब्याखाली दुसरा, असे त्यांचे वाटप ठरलेले असते, असे ते सांगतात. आम्हीही तेच पाहिले आहे. हिवाळ्यात हे पक्षी एकेकटे राहतात आणि आपला टापू दुसऱ्याला देत नाहीत. दुसरा शिरला की चावी जोरात फिरते.

“दरसाल तोच येतो,” असे चाचांचे ठाम मत. तोच की दुसरा हे ठरवायला पायात कडे घालावे लागते. आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून केले. डॉ. सलीम अली त्यामागे होते आणि पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा. आरोग्य संघटनेला पक्ष्यांत रस का, तर कर्नाटकात त्या सुमारास माकडताप उद्भवला होता. त्याचा विषाणू रशियातल्या एका तापाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला आणि स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो आला की काय, अशी शंका होती. माणसाच्या तापाच्या निमित्ताने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी पडली आणि कोण कुठून येतो याची माहिती जमली.

सलीम अलींचे नाव आले तर त्यांच्याविषयी दोन शब्द. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत खेतवाडीत त्यांचा जन्म झाला. आईवडील फार लवकर गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या भावंडांना वाढवले. लहान सलीमला छऱ्याची बंदूक मिळाली होती आणि चिमण्या टिपण्याचा नाद होता. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीची चिमणी नाही, मग ही खाणे मुसलमानाला जायज की नाही, असा प्रश्न मुलाला पडला. तो मामांकडे गेला. मामांनाही उत्तर देता आले नाही, त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड साहेबांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असे सांगितले आणि कपाटे उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. पुढचे आयुष्य तिथून ठरले. हा प्रसंग त्यांनी स्वतः आत्मचरित्रात सांगितला आहे, आणि पुस्तकाचे नावही त्या चिमणीवरूनच ठेवले. आम्हाला यात विशेष वाटते ते हे, की हलालच्या साध्या घरगुती प्रश्नाला मामांनी झटकून टाकले नाही. ‘जा खेळ’ म्हटले असते तर?

त्यांच्या पाठोपाठ हुमायून अब्दुलअली, झफर फतेहअली अशी मुंबईच्या मुस्लिम घरांतली मंडळी पक्ष्यांच्या अभ्यासात आली. मराठीत मारुती चितमपल्लींनी पक्षिकोश रचून पक्ष्यांना आपल्या भाषेत नावे दिली. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून आपल्या राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. माशीमार तोवर येऊन स्थिरावलेला असतो. शाळांना पक्षी सप्ताहात मुलांना कुठे न्यायचे असा प्रश्न पडतो. आम्ही म्हणू, आधी गावातल्या सगळ्यात जुन्या झाडाखाली न्या.

आता त्या कब्रस्तानाची गोष्ट पुढे सांगतो. जमातीच्या बैठकीत साफसफाईचा विषय निघाला. मागची जाळी काढायची, चिंचांच्या वाळलेल्या फांद्या आणि एक अर्धी मेलेली चिंच तोडायची, पाचोळा जाळायचा, जमीन यंत्राने सपाट करून फरशी घालायची. लोकांचे म्हणणे काही चुकीचे नव्हते. करवंदीत साप निघतात. पावसात वाटेवर फांदी पडली तर कोणाच्या डोक्यात बसेल. मुळांमुळे कब्र खोदायला त्रास होतो. आणि आपल्या बुजुर्गांची जागा स्वच्छ असावी ही इच्छा तर रास्तच आहे. आमच्यातल्या एकाने माशीमाराचे नाव काढले तेव्हा काही जण हसले. एवढ्याशा पाखरासाठी?

हसणाऱ्यांना उत्तर देणारे बैठकीतच होते. मौलानासाहेबांनी एक हदीस आठवण करून दिली, सुनन अबू दाऊदमधली. सफरीत काही सहाबांनी हुम्मरा नावाच्या लहान पक्ष्याची दोन पिल्ले उचलली, ती मादी व्याकूळ होऊन पंख फडफडवत घिरट्या घालू लागली, आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी पिल्ले परत द्यायला सांगितली. हुम्मरा म्हणजे चिमणीएवढा तांबूस पक्षी, असे भाष्यकार सांगतात. झाड लावणाऱ्याला त्यातून पक्ष्याने खाल्लेल्या दाण्याचाही सदका मिळतो, ही हदीस तर आपल्या घराघरांत माहीत आहे. आपण रोपे लावतो, फोटो काढतो, ते चांगलेच आहे. पण उभ्या चिंचेवर जो पक्षी जेवतो आहे त्याचे जेवण काढून घेऊन शेजारी गुलमोहराचे रोप लावले, तर हिशोब कसा जुळवायचा, असे मौलानासाहेबांनी विचारले. कोणी बोलले नाही.

पुढे वाद फार वाढला नाही, याचे श्रेय चाचांना. त्यांनी बैठकीला जागेवर नेले. वाटेवर झुकलेल्या दोन फांद्या दाखवल्या, या काढा म्हणाले. नव्या कब्रींची रांग पुढच्या मोकळ्या बाजूला घ्यायची, म्हणजे मुळांचा प्रश्न येत नाही. जाळी वाटेच्या बाजूने छाटायची, भिंतीच्या बाजूने ठेवायची. पाचोळा वाटेवरून झाडून मागे झाडांच्या बुंध्यापाशी ढकलायचा, जाळायचा नाही. जाळल्याने मुळे भाजतात, हे ते अनुभवाने सांगत होते. अर्धी मेलेली चिंच कब्रींपासून लांब आहे, पडली तरी भिंतीपलीकडच्या ओढ्यात पडेल, म्हणून राहू द्या. फरशीचा विषय पैशाअभावी मागे पडला, ते एका अर्थी बरेच झाले. चिंचेच्या त्या वठलेल्या भागात आता पिंगळ्यांची जोडी राहते.

असा प्रश्न तुमच्या जमातीपुढे आला तर कायद्याचेही भान ठेवावे. शहरी भागात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या कायद्याने. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. जागा खाजगी किंवा ट्रस्टची असली म्हणून सूट मिळत नाही. आणि गलोल घेऊन फिरणाऱ्या पोरांना हेही सांगावे की हे पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. सलीम अलींची गोष्ट सांगून समजावले तर जास्त चांगले. आमच्या अनुभवात मुले गलोल ठेवून दुर्बीण मागतात. दुर्बीण महाग वाटली तर मशिदीच्या किंवा शाळेच्या वाचनालयासाठी एक घेता येते, आठ पट मोठे दाखवणारी पुरे. जास्त ताकदीची घेतली तर झाडाखालच्या अंधारात उलट कमी दिसते आणि हात हलतो.

बघायला जायचे तर सोपे आहे. फजरनंतर उजाडले की किंवा असरनंतर जा. सध्या रमजान हिवाळ्याच्या अखेरीस येतो, त्यामुळे इफ्तारीआधीचा तासभर मुलांचा वेळही जातो आणि माशीमारही तेव्हा जागा असतो. गडद किंवा मातकट कपडे घाला. झाडाखाली जाऊन वर बघू नका, पंधरा-वीस पावले लांब बसा. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा प्रकार मात्र करू नये. आपल्या टापूत दुसरा घुसला असे समजून तो खाणे सोडून धावपळ करतो आणि दहा ग्रॅमच्या पक्ष्याला अशी उधळपट्टी परवडत नाही.

एक वही ठेवा. पहिला आवाज ऐकला ती तारीख, झाड कोणते, गळा लाल होता की साधा, शेवटचा दिसला ती तारीख. मार्चमध्ये काही नरांचा गळा अधिक उजळ दिसू लागतो, तेही टिपा. चाचांची वही नाही, पण त्यांना विचारले की सांगतात, या वर्षी दसऱ्यानंतर चार दिवसांनी आला. आमच्या वहीत पाचवा दिवस आहे.

तुमच्या गावची तारीख आम्हाला जरूर कळवा. सोबत फोटो पाठवणार असाल तर शेपटीचा पाठवा. छातीचा असला तर तोही चालेल.